स्त्रीबीजाभोंवतालचें पाणी

पेरलेलें बीं उगवलें नाहीं म्हणजे जाणता शेतकरी एकट्या बियाला बोल लावून स्वस्थ बसत नाहीं. तें बीं कोणत्या शेतांतलें, कणसांत दाणा भरत असतांना पिकाला पाणी मिळालें होतें कीं नाहीं, कणगींत त्याला ओल लागली काय, याची तो बारकाईनें चौकशी करतो. मनुष्याच्या बीजाविषयीं मात्र ही साधी विचारपूस फार उशिरां सुरू झाली. घरांत मूल झालें नाहीं कीं सुनेच्या कपाळीं वांझपणाचा शिक्का मारून मोकळें व्हावयाचें, ही रीत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली. वस्तुतः अपत्य न होण्याच्या कारणांत पुरुषाचा वांटाही मोठा असतो. आणि जेथें कारण स्त्रीच्या बीजांत असतें, तेथेंही तें बीज कसें घडलें व कोणत्या परिस्थितींत वाढलें हा प्रश्न शिल्लक राहतोच. या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठीं गेल्या कांहीं दशकांत शास्त्रज्ञ एका अशा वस्तूकडे वळले आहेत, कीं जी एरवीं टाकून दिली जाते. ती वस्तु म्हणजे स्त्रीबीज ज्याच्या सान्निध्यांत वाढतें, तें चमचाभर पिंवळसर पाणी.

हें पाणी असतें कोठें? स्त्रीच्या ओटीपोटांत गर्भाशयाच्या दोहों बाजूंस बदामाच्या आकाराचे दोन अंडाशय असतात. त्यांत द्रवानें भरलेल्या बारीक पिशव्या दिसतात. त्यांना पुटिका म्हणतात. हॉलंडमधील डेल्फ्ट गांवीं वैद्यकी करणाऱ्या रेग्नियर द ग्राफ यानें १६७२ सालीं स्त्रीच्या जननेंद्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या पुटिकांचें तपशीलवार वर्णन आहे. ही सबंध पुटिका म्हणजेच अंडें, असा त्याचा समज झाला होता. तो समज दूर होण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला. १८२७ सालीं कोनिग्सबर्ग येथील कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यानें एका कुत्रीच्या अंडाशयांतील पुटिका फोडली, आंतला पिंवळा ठिपका सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, आणि सस्तन प्राण्याचें खरें बीज त्याच्या दृष्टीस पडलें. पुटिका म्हणजे बीज नव्हे. ती बीजाचें घर आहे, हें तेव्हां निश्चित झालें.

घर आणि घरधनी यांच्या आकारांत येथें विलक्षण तफावत आहे. पूर्ण पक्व झालेली मानवी पुटिका सुमारें २० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे एखाद्या मोठ्या बोराएवढी असते. तींतलें बीज मात्र एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढें, नुसत्या डोळ्याला जेमतेम टिंबासारखें दिसेल इतकें. बाकीची जागा बहुतेक पाण्यानें व्यापलेली. पुटिका पूर्ण भरली तरी हें पाणी सुमारें चार घनसेंटिमीटर, चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाहीं एवढेंच असतें. दर महिन्यास पुटिका फुटते, बीज बाहेर पडतें, पाणी ओटीपोटांत सांडून जिरून जातें. आणि ज्या स्त्रीच्या देहांत हें घडतें, तिलाही बहुधा त्याची वार्ता नसते.

मुलगी जन्मास येते तेव्हां तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख बीजें असतात. वयांत येईपर्यंत त्यांतलीं तीन-चार लाख उरतात, आणि सबंध आयुष्यांत चारशेंच्या आसपास बीजेंच पक्व होऊन बाहेर पडतात. नवीं बीजें पुढें तयार होत नाहींत, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पस्तिसाव्या वर्षीं जें बीज पिकतें, तें पस्तीस वर्षें त्याच देहांत वाट पाहत बसलेलें असतें. त्याची पाळी आली म्हणजे मात्र त्याची वाढ वेगानें होऊं लागते. या शेवटच्या वाढीला सुमारें तीन महिने लागतात. बीजाची जी काय भरणपोषणाची व्यवस्था व्हावयाची, तिचा मोठा भाग या तीन महिन्यांतच होतो.

ही व्यवस्था मोठी चमत्कारिक आहे. पुटिकेच्या बाहेरच्या आवरणांत रक्तवाहिन्यांचें दाट जाळें असतें. परंतु आंतल्या बाजूस पेशींचे जे थर असतात, त्यांत एकही रक्तवाहिनी शिरत नाहीं. कोट घातलेल्या गांवाच्या वेशीपर्यंत गाड्या याव्या आणि पुढें माल डोक्यावरून न्यावा लागावा, तसाच हा प्रकार. साखर, मीठ, प्राणवायु, मेद, प्रथिनांचे घटक, सगळें कांहीं वेशींतून पाझरत पाझरत आंत जावयाचें. मोठमोठ्या प्रथिनांच्या अणूंना तर ही वेस बहुतांशीं बंदच असते. अशा रीतीनें रक्तांतून गाळून आलेलें पाणी आणि आंतल्या पेशींनीं आपल्याकडून त्यांत सोडलेले पदार्थ, या दोहोंचें मिश्रण म्हणजे पुटिकाद्रव. गांवच्या विहिरीचें पाणी तपासलें तर जमिनीखालच्या झऱ्यांचा गुण कळतो, आणि गांवकरी त्या विहिरीशीं कसे वागतात हेंही कळतें. पुटिकाद्रवाचें तसेंच आहे. त्यांत सबंध देहाची हकीकत आहे आणि त्या एका लहानशा घराचीही आहे.

घराच्या आंत काय चालतें? शरीराच्या बहुतेक पेशी साखरेवर, म्हणजे ग्लुकोजवर, आपला निर्वाह करतात. स्त्रीबीजाला मात्र ग्लुकोज जवळजवळ पचवितांच येत नाहीं. त्याच्याभोंवतीं लहान पेशींचा एक दाट पुंजका असतो. त्या पेशी ग्लुकोज घेतात, तें मोडून त्याचें पायरुव्हेट नांवाचें द्रव्य करतात आणि तें बीजाला पुरवितात. पक्षीण जसा चारा आपल्या चोंचींत मऊ करून पिलाच्या तोंडांत घालते, तसेंच हें भरवणें. जॉन बिगर्स, डेव्हिड व्हिटिंगहॅम व रॉजर डोनाह्यू यांनीं १९६७ सालीं उंदरांच्या बीजांवर प्रयोग करून ही गोष्ट दाखवून दिली. त्या प्रयोगांत नुसत्या ग्लुकोजवर ठेवलेलें उघडें बीज पक्व होईना. पायरुव्हेट मिळतांच किंवा भोंवतालच्या पेशी सोबतीस ठेवतांच तें पक्व होऊं लागलें. ग्लुकोज मोडतांना जो भाग मागें उरतो, तो लॅक्टेटच्या रूपानें द्रवांत सांचतो. म्हणूनच पुटिकाद्रवांत ग्लुकोज किती उरलें आणि लॅक्टेट किती सांचलें, हें पाहणें म्हणजे स्वयंपाकघरांत दाणा किती शिल्लक आहे व चुलींत राख किती पडली आहे, हें पाहण्यासारखेंच आहे.

बीजाला एवढ्या शक्तीची गरज तरी कशाला? पक्व होतांना त्याला आपल्या गुणसूत्रांची वांटणी करून अर्धा हिस्सा बाहेर टाकावा लागतो. ही वांटणी अतिसूक्ष्म तंतूंच्या ओढीनें होते, आणि तंतूंची उभारणी व ओढ या दोन्ही कामांस शक्ति लागते. ती पुरविण्याकरितां बीजांत तंतुकणिका नांवाच्या असंख्य इवल्या भट्ट्या असतात. त्या पायरुव्हेट जाळतात. त्यांच्या स्वतःच्या आनुवंशिक द्रव्याच्या प्रती एका पक्व मानवी बीजांत लाखाहून अधिक भरतात. भट्ट्या मंदावल्या कीं तंतूंची मांडणी विसकटण्याचा, एखादें गुणसूत्र अधिक किंवा उणें जाण्याचा, संभव वाढतो. असें बीज फळलें तरी त्याचा गर्भ बहुधा टिकत नाहीं.

पुटिका केवळ पोसते असें नव्हे. ती आवरूनही धरते. ग्रेगरी पिंकस व एन्झमन या दोघांनीं १९३५ सालीं सशाचें बीज पुटिकेंतून काढून बाहेर ठेवलें, तेव्हां तें आपण होऊन पक्वतेच्या वाटेला लागलें. याचा अर्थ असा कीं, घरांत असेपर्यंत त्याला थोपवून धरणारी कांहीं तरी शक्ति असते, आणि योग्य वेळ येईपर्यंत ती त्याला सोडीत नाहीं. पोसणें आणि थोपविणें या दोन्ही गोष्टी ज्या वातावरणांत घडतात, त्याचा नमुना हाताशीं आला तर बीजाची प्रकृति त्यावरून ओळखतां येईल, ही कल्पना येथूनच सुचते.

हा नमुना हातीं येण्याचा मार्ग शरीराबाहेर गर्भधारणा घडविण्याच्या विद्येनें मोकळा केला. इंग्लंडमध्यें ओल्डहॅम येथें २५ जुलै १९७८ रोजीं पॅट्रिक स्टेप्टो व रॉबर्ट एडवर्ड्स यांच्या प्रयत्नांनीं या विद्येचें पहिलें अपत्य जन्मास आलें. मुंबईस परळच्या केईएम रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं अशाच रीतीनें एका मुलीचा जन्म झाला, त्यामागें डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे परिश्रम होते. या उपचारांत संप्रेरकांचीं इंजेक्शनें देऊन एकाच वेळीं अनेक पुटिका वाढवितात आणि बारीक सुईनें त्यांतला द्रव ओढून घेतात. प्रयोगशाळेंत त्या द्रवांतून बीज शोधून काढलें कीं राहिलेलें पाणी टाकून देतात. बीजाच्या अंतरंगाची थेट परीक्षा करूं म्हटलें तर बीजच नासतें. पण टाकून द्यावयाच्या पाण्याची परीक्षा केल्यानें कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. या परीक्षेचें सारें आकर्षण एवढ्या एका गोष्टींत आहे.

आरंभीं एकेका पदार्थाचें मोजमाप झालें. इंग्लंडमध्यें हेन्री लीज व एलिझाबेथ लेंटन यांनीं १९९० सालीं पुटिकाद्रवांतील ग्लुकोज व लॅक्टेट मोजलीं, तेव्हां एक जेथें अधिक तेथें दुसरें कमी, असें त्यांस आढळलें. साखर आणि राख यांचा हिशेब असा जुळला. पुढें अनेक पदार्थ एकदम मोजणारीं यंत्रें आलीं. त्यांपैकीं एक पद्धत फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनीं १९४६ सालीं लावलेल्या शोधावर उभी आहे. द्रव प्रबळ चुंबकाच्या पोटांत ठेवून त्यावर रेडिओच्या लहरी सोडल्या, म्हणजे त्यांतील हैड्रोजनचे परमाणु आपापल्या ठराविक लहरींना प्रतिसाद देतात. कांटा फिरवितांच एकामागून एक रेडिओ केंद्रें ऐकूं यावीं, त्याप्रमाणें येथें ग्लुकोज, तेथें लॅक्टेट, पलीकडे प्रथिनांचे घटक, असे त्यांचे स्वर निरनिराळे ओळखूं येतात. दुसऱ्या पद्धतींत पदार्थांच्या अणूंवर विजेचा भार चढवून वजनाप्रमाणें त्यांची निवड करतात. थेंबभर पाण्यांतले शेंकडों पदार्थ अशा रीतीनें नोंदले जातात. चयापचयाची ही जणुं चोपडीच होय.

या चोपडींत आजवर काय वाचतां आलें? १९९७ सालीं अमेरिकेंतील जोनाथन व्हॅन ब्लेरकॉम व त्यांचे सहकारी यांनीं प्रत्येक पुटिकेच्या द्रवांत विरघळलेला प्राणवायु मोजला. जेथें तो फार कमी होता, तेथल्या बीजांत गुणसूत्रांची मांडणी बिघडलेली अधिक वेळां दिसली. ज्या पुटिकेभोंवतीं रक्ताचा पुरवठा चांगला, तिचें बीज बहुधा सरस निघालें. म्हणजे एकाच स्त्रीच्या, एकाच महिन्यांतल्या, शेजारशेजारच्या दोन घरांतही सुबत्ता सारखी नसते. डब्लिन येथील संशोधकांनीं २०१२ सालीं चुंबकाची पद्धत वापरून असें पाहिलें कीं, जीं बीजें पुढें विभागलींच नाहींत त्यांच्या द्रवांत ग्लुकोज अधिक व लॅक्टेट कमी होतें. दाणा तसाच पडून होता व राख थोडी होती. तेथें चूल नीट पेटलीच नसावी, असा याचा अर्थ लावतां येतो.

सर्वांत बोलकी हकीकत मात्र गाईंची आहे. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यानंतर जितकें खाते त्याहून अधिक दुधावाटे गमावते. मग तिच्या अंगावरची चरबी वितळूं लागते आणि रक्तांत मेदाम्लें वाढतात. अशा गाई लौकर गाभण राहत नाहींत, हें गवळ्यांना जुनेंच ठाऊक आहे. बेल्जममधील गेंट विद्यापीठांत यो लेरॉय व सहकाऱ्यांनीं या गाईंचा पुटिकाद्रव तपासला. तींच मेदाम्लें त्यांत उतरलेलीं दिसलीं. रक्ताइतकीं नव्हेत, कारण वेस त्यांना कांहींशी अडविते, पण वाढलेलीं खचितच. नंतर त्यांनीं निराळ्या बीजांवर त्याच प्रमाणांत तीं मेदाम्लें घालून पाहिलीं. पामिटिक व स्टिअरिक या दोन अम्लांनीं बीजांच्या पक्वतेंत व पुढच्या वाढींत खोट आणली. ओलेइक अम्लानें तसें केलें नाहीं. हे प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाले. देहाची ओढाताण बीजाच्या घरापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचते, याचा माग त्यांनीं असा लावला.

आणखी एक नोंद घरोघरीं ऐकण्याजोगी आहे. कॅनडांतील टोरांटो येथें १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, तंबाखूंतील निकोटिनपासून देहांत तयार होणारें कोटिनिन हें द्रव्य पुटिकाद्रवांत सांपडलें. विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांत तें मिळणें अपेक्षितच होतें. पण ज्या स्वतः ओढीत नव्हत्या, केवळ दुसऱ्यांच्या धुरांत वावरत होत्या, त्यांच्याही द्रवांत तें आढळलें. नवऱ्याच्या ओठांतली सिगारेट बायकोच्या बीजाच्या घरापर्यंत जाऊन पोंचते, हें त्यावरून सिद्ध झालें. महाराष्ट्रांत पुष्कळ स्त्रिया मिश्री लावतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच असल्यानें तिच्यांतलें निकोटिनही हिरड्यांवाटे रक्तांत उतरतें. रक्तांत उतरलेली वस्तु पुढें कोठवर जाते, हें टोरांटोच्या त्या चमचाभर पाण्यानें सांगितलेंच आहे.

एवढें सगळें कळल्यावर साहजिकच असें वाटतें कीं, द्रव तपासावा, उत्तम बीज निवडावें आणि त्याचाच गर्भ गर्भाशयांत ठेवावा. तसें झालें तर लाभ थोडाथोडका नाहीं. आज कोणता गर्भ टिकेल याची खात्री नसल्यामुळें कित्येकदां एकाहून अधिक गर्भ ठेवले जातात, आणि जुळीं-तिळीं राहून आई व मुलें दोघांच्याही जिवाला धोका उत्पन्न होतो. परंतु येथें घाई करून भागणार नाहीं. ओढलेल्या द्रवांत सुईच्या जखमेचें रक्त मिसळतें. कित्येकदां अनेक पुटिकांचा द्रव एकाच नळींत गोळा होतो, मग कोणतें पाणी कोणत्या बीजाचें हेंच कळत नाहीं. इंजेक्शनांनीं वाढविलेल्या पुटिकेचें पाणी नैसर्गिक पुटिकेसारखें असेलच असें नाहीं. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्षही एकमेकांशीं नेहमीं जुळत नाहींत. शिवाय द्रव हा एका क्षणाचा जमाखर्च आहे. तीन महिन्यांचा व्यवहार शेवटच्या पानावरून पुरता वाचतां येत नाहीं. आणि वय वाढतें तसा गुणसूत्रांच्या वांटणींतला दोष वाढतो, विशेषतः पस्तिशीनंतर. तो ओळखण्यास केवळ पाण्याची परीक्षा पुरी पडत नाहीं. या कारणांमुळें अमुक द्रव म्हणजे अमुक बीज, असा निकाल देणारी एकही परीक्षा अद्याप रुग्णालयांच्या नित्य व्यवहारांत प्रस्थापित झालेली नाहीं.

हें स्पष्टपणें सांगणें अगत्याचें आहे. अपत्यासाठीं आसुसलेलें जोडपें दागिने मोडून, कर्ज काढून उपचाराला येतें. आशेच्या भरांत तें कोणत्याही नव्या परीक्षेचा पैसा भरण्यास तयार होतें. अशा वेळीं ही परीक्षा केल्यानें कोणाचा निर्णय बदलणार आहे व कसा, हा प्रश्न त्यानें डॉक्टरांना विचारलाच पाहिजे. उत्तर समाधानकारक नसेल तर तो पैसा जपून ठेवणें बरें. तसेंच, उपचार फसला आणि द्रवांत अमुक पदार्थ कमी-जास्त निघाला, एवढ्यावरून पुन्हां त्या स्त्रीवरच दोष ढकलणें हें जुन्याच शिक्क्याला शास्त्राची नवी शाई लावण्यासारखें होईल. पुटिकेंतील साखर मोडणाऱ्या पेशी कोणाच्या इच्छेनें चालत नाहींत, आणि वयाला कोणी थांबवूं शकत नाहीं.

तथापि या पाण्यानें जें निर्विवादपणें शिकविलें आहे, तेंही लहान नव्हे. बीज हें एकाकी नाहीं. त्याला भरविणाऱ्या पेशी आहेत, त्या पेशींना पुरविणारें रक्त आहे, आणि त्या रक्तांत त्या स्त्रीचें अन्न, तिचे श्रम, तिचा आजार व तिच्या घरांतला धूर हीं सारीं उतरलेलीं असतात. बीजाच्या शेवटच्या वाढीस तीन महिने लागतात, म्हणून मधुमेह आटोक्यांत आणणें, तंबाखू सोडणें, पोटभर व सकस खाणें, या गोष्टी उपचाराच्या आदल्या दिवशीं नव्हे तर कांहीं महिने अगोदर सुरू झाल्या पाहिजेत. आणि तंबाखू सोडावयाची तर ती घरांतल्या सर्वांनींच सोडली पाहिजे. एवढें केल्यानें मूल होईलच, असें वचन कोणीही प्रामाणिक वैद्य देणार नाहीं. परंतु ज्या घरांत सुनेच्या बीजाला नांवें ठेवण्यापूर्वीं तिच्या ताटांत काय वाढलें जातें व तिच्या शेजारीं बसून कोण धूर सोडतो याची विचारपूस होईल, त्या घरानें आपल्या वाट्याचें काम तरी केलें, असें म्हणतां येईल.